शून्य साल नव्हतंच

१९९९ च्या जुलैत मी पहिल्यांदा अमेरिकेत गेलो तो वायटूकेच्या कृपेने. माझ्या आत्ताच्या टीममधली निम्मी पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती, म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायचे. ९९ नंतर ०० आलं की कंप्युटरला ते १९०० वाटणार, वजाबाक्या उलट्या होणार, आणि व्याज, वय, विम्याचे हप्ते सगळं बोंबलणार. हे दुरुस्त करायला तिकडे माणसं कमी पडली आणि पुण्यामुंबईतून, हैदराबाद-चेन्नईतून विमानं भरभरून आम्ही गेलो. सहा आठवड्यांत कोबोल 'शिकलेला' मीही त्यातलाच एक.

ओहायोतलं एक लहानसं गाव, क्लायंट एक विमा कंपनी. पासष्टीच्या एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचो. त्यांना 'मॅडम' म्हटलेलं आवडायचं नाही आणि नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमायचं नाही, त्यामुळे आठ महिने मी त्यांना कुठलीच हाक न मारता काढले. (परदेशी गेलेला मराठी माणूस ही कला आपोआप शिकतो.) इथे आपण त्यांना आजी म्हणू.

आजींच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. पहिल्या दिवशी मला तो कुणाचा तरी प्रोजेक्ट प्लॅन वाटला. डावीकडून उजवीकडे काळाची रेघ, वर जाणारा एक बाण, मग सात वर्षांचा लाल पट्टा, मग खाली येणारा बाण, मग हजार वर्षांचा लांबलचक पिवळा पट्टा, आणि शेवटी कागदाबाहेर जाणारी रेघ. चक्क गँट चार्ट. फक्त सुरुवातीची तारीख टाकलेली नव्हती.

आजींनी तो मला समजावून सांगितला, आणि त्यांच्याइतकं स्वच्छ मला नंतर कुणीच सांगितलं नाही. बायबलचं शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण', त्याचा विसावा अध्याय. देवदूत सैतानाला साखळीने बांधून हजार वर्षं खोल खड्ड्यात टाकतो. ख्रिस्तासाठी जीव दिलेले लोक पुन्हा जिवंत होऊन त्याच्याबरोबर हजार वर्षं राज्य करतात. मग सैतान थोडा वेळ सुटतो, शेवटची लढाई होते, न्यायनिवाडा होतो आणि नवं आकाश, नवी पृथ्वी येते. इंग्रजीतला 'मिलेनियम' हा शब्द या संदर्भात म्हणजे हेच हजार वर्षांचं राज्य, ३१ डिसेंबरची पार्टी नव्हे. गंमत म्हणजे अख्ख्या बायबलमध्ये या राज्याचा हजार हा आकडा एवढ्या एकाच अध्यायात येतो. एका परिच्छेदावर दोन हजार वर्षांचा वाद! ख्रिस्त आधी येणार आणि मग राज्य, असं म्हणणारे एक. माणसांनीच जग हळूहळू सुधारून राज्य आणायचं आणि ख्रिस्त नंतर येणार, असं म्हणणारे दुसरे. आणि हजार हा आकडा प्रतीक आहे, चर्चचा काळ म्हणजेच ते राज्य, असं म्हणणारे तिसरे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने हा तिसरा अर्थ लावला आणि कॅथलिक चर्च बहुतांशी त्याच बाजूने राहिलं. गोव्यातल्या किंवा वसईतल्या मित्राला तुम्ही या हजार वर्षांबद्दल विचारलंत तर तो बहुधा खांदे उडवेल, त्याचं कारण हे आहे.

आजी पहिल्या गटातल्या. त्यातही त्यांचा तक्ता १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडलेला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांमधून अमेरिकेत घरोघरी पोचलेला. त्यात वर जाणारा बाण म्हणजे 'रॅप्चर': खऱ्या विश्वासूंना ख्रिस्त अचानक वर उचलून नेणार. बाकीच्यांसाठी सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी हुकूमशहा, आर्मागेडन. मग ख्रिस्त परत येणार आणि पिवळा पट्टा सुरू.

आपल्याकडे कलियुगालाच ४,३२,००० वर्षं आहेत. त्यातली पाच हजार कशीबशी संपली. इतकी लांबची डेडलाइन असली की माणूस निवांत असतो. मला तो तक्ता म्हणूनच मजेशीर वाटला. आणि आजींचं तळघर तर त्याहून मजेशीर. भिंतीला लागून फडताळं, त्यावर राजम्याचे, मक्याचे, टोमॅटोचे डबे, गव्हाच्या बादल्या, पाण्याचे पिंप, मेणबत्त्या. आजींच्या चर्चमध्ये सांगितलं होतं की वायटूके हीच ठिणगी असणार. कंप्युटर बंद, बँका बंद, मग गोंधळ, मग सगळ्या जगाचं एकच सरकार आणि मग तो हुकूमशहा. त्या वर्षी असं म्हणणारे पुष्कळ होते. जेरी फॉलवेलसारख्या बड्या धर्मोपदेशकाने ख्रिस्ती लोकांसाठी वायटूकेवर व्हिडिओ काढला होता. 'लेफ्ट बिहाइंड' ही रॅप्चरवरची कादंबरीमाला १९९५ पासून सुरू होती आणि तिचे भाग आजींच्या कपाटात ओळीने उभे होते. (ही माला शेवटी सोळा भागांची झाली आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या.)

मी काय केलं? पुण्याला फोन करून मित्रांना तळघराचं वर्णन करून हसवलं. दर रविवारी. फोन कार्डाची मिनिटं मोजून.

आता जरा मागे जाऊ, कारण हे प्रकरण मी नंतर बरंच वाचलं आणि वाचताना माझं हसू हळूहळू आटत गेलं.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी. १८१२ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या युद्धात लढलेला. आधी चमत्कार वगैरे न मानणारा, मग युद्धानंतर बॅप्टिस्ट झालेला. त्याने ठरवलं की बायबल पहिल्या ओळीपासून वाचायचं आणि एक ओळ समजल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन वर्षं हे केलं. 'दानीएल'च्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं आहे. मिलर म्हणाला, भविष्यवाणीतला दिवस म्हणजे एक वर्ष. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी. मोजणी सुरू कुठून? पर्शियाच्या राजाने यरुशलेम पुन्हा उभारायचं फर्मान काढलं तिथून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७. आता २३०० मधून ४५७ वजा करा. १८४३.

पद्धत बघा. गृहीतकं लिहून काढली, प्रत्येकाला आधार दिला, गणित उघडं ठेवलं, कुणीही तपासावं. माझ्या आजवरच्या कितीतरी प्रोजेक्टांची कागदपत्रं एवढी नीट नव्हती. मिलरने मार्च १८४३ ते मार्च १८४४ अशी एक वर्षाची खिडकी दिली. बॉस्टनचा जोशुआ हाइम्स हा त्याचा प्रसिद्धीप्रमुख म्हणावा असा माणूस. त्याने वर्तमानपत्रं काढली, प्रचंड तंबू शिवून घेतला, तक्ते छापले. अनुयायी पन्नास हजारांपासून लाखापर्यंत होते असे अंदाज आहेत.

आणि या गणितात एक बग होता! इसवी सनात शून्य साल नाही. इसवी सनापूर्वी १ संपलं की थेट इसवी सन १. (सहाव्या शतकात ही मोजणी बसवणाऱ्या रोममधल्या डायोनिसियस या भिक्षूकडे रोमन आकडे होते, शून्य नव्हतं. आपलं शून्य तिकडे पोचायला अजून बराच अवकाश होता.) त्यामुळे साधी वजाबाकी केली की एक वर्ष कमी येतं. खरं उत्तर १८४४. लूपमध्ये एकने चुकणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात सामान्य चूक, आणि ती इथे हजारो माणसांच्या आयुष्यात घुसली. एकविसावं शतक २००० ला सुरू की २००१ ला, हा तेव्हाचा वादही याच शून्याचा.

मार्च १८४४ कोरडाच गेला. पण मग लोकांना बग सापडला, उत्साह परतला, आणि ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका मेळाव्यात सॅम्युएल स्नो याने ज्यूंच्या पंचांगावरून नेमका दिवस सांगितला: २२ ऑक्टोबर १८४४. मिलरला स्वतःला नेमका दिवस पसंत नव्हता. तो ऑक्टोबर उजाडल्यावर कसाबसा तयार झाला. क्लायंटने आणि टीमने मिळून रेटलेल्या तारखेला आर्किटेक्टने शेवटी मान डोलवावी तसंच.

पुढचं मन लावून वाचण्यासारखं आहे. दुकानदारांनी दुकानं बंद केली. लोकांनी कर्जं फेडली, जुनी भांडणं मिटवली. काही शेतकऱ्यांनी पीक काढलंच नाही, कारण काढणं म्हणजे विश्वास नसल्याचं कबूल करणं. (पांढरे झगे घालून डोंगरावर बसले होते, ही मात्र बहुधा टिंगल करणाऱ्यांनी पसरवलेली कंडी आहे.) २२ तारखेची रात्र लोकांनी जागून काढली. तेवीस तारीख उजाडली. सूर्य नेहमीसारखा वर आला. इतिहासात याला 'महान निराशा' म्हणतात. न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतात: त्याने बटाटे जमिनीतच राहू दिले होते. त्या वर्षी वेळेवर काढलेले बटाटे कुजले, याचे उशिरा निघाले आणि वाचले, आणि वसंतात चढ्या भावाने विकले गेले. देवाचा विनोद म्हणा हवं तर.

हे सगळे वेडे होते का? यादी बघा. जर्मनीतला मिखाएल श्टीफेल: घातांकाला 'एक्स्पोनंट' हा शब्द ज्याने दिला तो गणितज्ञ. त्याने ऑक्टोबर १५३३ मधली एका सकाळी आठची वेळ दिली होती. त्याच्या गावातल्या लोकांनी होतं नव्हतं ते संपवलं, आणि जग न संपल्याने स्वारीला अटक झाली. लॉगरिदम शोधणारा जॉन नेपियर: १५९३ मध्ये 'प्रकटीकरणा'वर जाडजूड पुस्तक, अंत १६८८ ते १७०० च्या दरम्यान. न्यूटन: त्याच्या कागदांत २०६० साल आहे, पण त्याचा रोख 'त्याआधी नाही' असं सांगून उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद करण्याचा होता. १९८८ मध्ये रॅप्चर होण्याची ८८ कारणं देणारा एडगर व्हिसेनंट: नासाचा माजी इंजिनिअर. आणि मे २०११ ची तारीख जगभर फलकांवर लावणारा हॅरल्ड कॅम्पिंग: बर्कलीचा सिव्हिल इंजिनिअर.

म्हणजे आपलीच बिरादरी की! भोळसट माणूस 'कधीतरी येईल' म्हणून गप्प बसतो. तारीख काढायला आकड्यांवर प्रेम लागतं. मजकुरात कुणीतरी स्पेसिफिकेशन लपवून ठेवलं आहे आणि नीट वाचलं की सापडेल, हा विश्वास लागतो. आणि बेरीज बरोबर आली की आपलं मन हळूच फसवतं: बेरीज बरोबर म्हणजे गृहीतकंही बरोबर. मिलरची वजाबाकी दुरुस्त झाली तेव्हा लोकांना वाटलं आता सगळंच दुरुस्त झालं. दिवस म्हणजे वर्ष कशावरून, हे कुणी परत विचारलंच नाही. मी असले बग शेकड्याने बघितलेत, काही स्वतः घातलेत.

तारीख चुकल्यावर काय होतं ते तर आपण रोजच बघतो. २३ ऑक्टोबरच्या सकाळी हायरम एडसन हा अनुयायी मक्याच्या शेतातून चालला होता. त्याला सुचलं की तारीख बरोबरच होती, जागा चुकली: पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी नव्हे, ते स्वर्गातलं, आणि ख्रिस्ताने तिथल्या आतल्या दालनात काल प्रवेश केला. यहोवाचे साक्षीदार १९१४ बद्दल हेच सांगतात: राज्य सुरू झालं, पण स्वर्गात, दिसणार नाही असं. कॅम्पिंगही २१ मे २०११ उलटल्यावर सोमवारी रेडिओवर म्हणाला, न्याय झाला, पण आत्मिक पातळीवर. खरा शेवट २१ ऑक्टोबरला. तिन्ही ठिकाणी एकच शेरा मारून बग बंद केलेला: 'असंच चालायला हवं होतं, युजरला दिसत नाही इतकंच.'

पण एडसनचं ते उत्तर नुसतं हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. त्यातून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं, १८६३ मध्ये रीतसर स्थापन झालं. आज त्यांचे सभासद दोन कोटींच्या वर आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, आणि ते आता तारखा देत नाहीत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर केलॉग त्यांच्यातलेच. आणि पुणेकरांनो, औंध रोडवरचं स्पायसर कॉलेज (आता विद्यापीठ) त्यांचंच. तिथला ब्राउन ब्रेड आणि पीनट बटर मी कॉलेजात असताना खाल्लं आहे, आणि त्या पावाचं मूळ एका चुकलेल्या वजाबाकीत आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता माझं मत, आणि ते जरा उलटं आहे. आपण हसतो ते तारीख देणाऱ्यांवर. मला वाटतं तारीख देणारा माणूस त्या सगळ्या बाजारातला त्यातल्या त्यात प्रामाणिक असतो. तो स्वतःला खोटं ठरवायची सोय करून ठेवतो. मिलरने १८४५ मध्ये छापून कबूल केलं की माझी गणना चुकली. श्टीफेल पुन्हा त्या वाटेला न जाता गणिताकडे वळला आणि १५४४ मध्ये त्याचं सर्वात मोठं पुस्तक आलं. कॅम्पिंगनेसुद्धा नव्वदी ओलांडल्यावर, मार्च २०१२ मध्ये, पत्र लिहून सांगितलं की तारीख सांगणं हे पाप होतं आणि आपण चुकलो. उशिरा का होईना.

खरे हुशार ते, जे 'जवळ आलंय, अगदी जवळ आलंय' एवढंच म्हणतात. हॅल लिंडसेचं १९७० चं पुस्तक त्या दशकातल्या अमेरिकेतल्या सर्वांत खपलेल्या पुस्तकांपैकी एक. त्यात १९४८ ला इस्राएल झालं, तिथून साधारण एक पिढी, म्हणजे चाळीसेक वर्षं, अशी नुसती सूचना होती, 'जर'च्या कुंपणासकट. १९८८ उलटलं, काही झालं नाही, आणि त्याला कबूल करण्यासारखं काहीच नव्हतं. 'लवकरच' ही अशी डेडलाइन आहे की ती कधी चुकतच नाही, आणि माणसाला मात्र आयुष्यभर घाबरून राहावं लागतं. येशूने स्वतः सांगितलं आहे की तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. त्याचा साधा अर्थ 'तुमची रोजची कामं करा' असा मला वाटतो. (व्हिसेनंटने त्यातूनही वाट काढली होती: दिवस आणि घटका कळणार नाही म्हटलंय, महिना आणि वर्ष नाही! इंजिनिअर.) आणि हे काही संपलेलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराची २३ तारीख टिकटॉकवर जगभर फिरली, तेव्हा गाडी विकल्याचे, नोकरी सोडल्याचे व्हिडिओ लोकांनी टाकले. एआय जग कधी बुडवेल किंवा स्वर्ग कधी उतरवेल याच्या तारखा देणारे तर माझ्याच क्षेत्रातले आहेत. द्या बाबांनो. पण कागदावर द्या, आणि चुकल्यावर त्याच कागदावर सही करा.

हे सगळं ज्ञान मला नंतरचं. १९९९ च्या ऑक्टोबरात मी काय केलं ते सांगायचं राहिलंय.

एका संध्याकाळी आजींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी दिली. म्हणाल्या, "चर्चमधले लोक सांगतात, टीव्हीवाले सांगतात. पण तू रोज त्या मशिनवर काम करतोस. तू मला खरं सांग. होणार का?"

मला माहीत होतं. अगदी माहीत होतं. वायटूके आणि 'प्रकटीकरण' यांत फरक हाच की आम्हाला घड्याळ पुढे करून बघता येत होतं. टेस्ट मशिनची तारीख १ जानेवारी २००० करायची, प्रोग्रॅम चालवायचा, काय पडतं ते बघायचं, दुरुस्त करायचं, परत चालवायचं. आम्ही ते ऑगस्टपासून करत होतो. आमच्या सिस्टीममध्ये उरलेलं सगळ्यात भयंकर संकट हे होतं की काही म्हाताऱ्यांना हप्त्याची चुकीची नोटीस जाईल. शिवाय अर्ध्या ठिकाणी आम्ही खरी दुरुस्ती केलीच नव्हती, खिडकी लावली होती: ०० ते ४९ आलं तर २०००, ५० ते ९९ आलं तर १९००. म्हणजे शेवटाची तारीख पन्नास वर्षं पुढे ढकलली. (हे स्नोच्या आणि कॅम्पिंगच्या फार जवळ जातं, हे मान्य आहे.)

मी तिला हे सगळं दोन मिनिटांत सांगू शकलो असतो. मी काय म्हणालो? "तसं नक्की काही सांगता येत नाही. फार गुंतागुंतीचं आहे." कपाळाला आठी घालून. सव्वीस वर्षांचा मी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जगाच्या भवितव्याबद्दल मला विचारत होतं. आमच्या धंद्याचंही भय हेच भांडवल होतं; 'काही विशेष होणार नाही' म्हणणाऱ्या सल्लागाराला कोण तासाचे पैसे देतं? ती माझी नम्रता नव्हती. ते माझं 'लवकरच' होतं.

पुढच्या शनिवारी आजींनी बँकेतून पैसे काढून जनरेटर आणला. डब्यांची आणखी खोकी आली. खोकी तळघरात उतरवायला मीच मदत केली, आणि तेव्हा सहज विचारलं, "पण तुमच्या तक्त्याप्रमाणे तुम्ही तर आधीच वर जाणार. मग हे सगळं कोणासाठी?" मला वाटलं मी विसंगती पकडली. रविवारच्या फोनसाठी छान किस्सा.

आजी म्हणाल्या, "माझ्यासाठी नाहीच मुळी. टॉमीसाठी."

टॉमी त्यांचा मुलगा. (नाव बदललं आहे.) कोलंबसला असायचा, चर्च सोडलेलं, आईशी वर्षातून दोनदा बोलायचा. आजी वर गेल्यावर तो मागे राहणार, सात वर्षांच्या महासंकटात. तो कधीतरी या घरी येईलच, आई दिसत नाही म्हणून. तेव्हा त्याला खायला असावं. सगळ्यात वरच्या फडताळावर एक पाकीट होतं, त्याच्या नावाचं. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. डबे कसे उघडायचे, कुठल्या बादलीत काय आहे, याची यादी मात्र बाहेर भिंतीवरच लावलेली होती, मोठ्या अक्षरात. ओपनर कुठे आहे तेही लिहिलेलं, कारण त्याला वस्तू सापडत नाहीत.

त्या रविवारी मी मित्रांना फोन केला नाही.

३१ डिसेंबरची रात्र मी ऑफिसात काढली. पिझ्झा, कोक आणि पंचवीस माणसं एका स्क्रीनकडे बघत. बारा वाजले. एक रिपोर्ट १९१०० असं साल छापून बाहेर आला, तो पहाटे तीनपर्यंत नीट केला. बस. इतरत्रही असंच किरकोळ; अपवाद म्हणजे इंग्लंडात शेफील्डला वयाची वजाबाकी चुकल्याने दीडशेहून अधिक गर्भवतींना डाउन सिंड्रोमच्या तपासणीचे चुकीचे निकाल गेले. तो किरकोळ नव्हता.

सकाळी घरी आलो तर आजी स्वयंपाकघरात. लाइट चालू होते, हीटर चालू होता. म्हणाल्या, "तुम्ही पोरांनी वाचवलंत. देवाने तुमच्याकडून ते करून घेतलं." मी 'थँक यू' म्हणालो. आणि मला सांगायला हवं की मी आजही थोडंफार हेच म्हणतो: काही झालं नाही, कारण आम्ही काम केलं. त्याचा पुरावाही माझ्याकडे आहे, ऑगस्टमध्ये टेस्ट मशिनवर पडलेल्या प्रोग्रॅमची यादी. पण इटलीने, रशियाने आमच्या मानाने फारच कमी खर्च केला होता आणि त्यांचेही दिवे चालूच राहिले. जगभरात तीनशे अब्ज डॉलरच्या घरात खर्च झाला म्हणतात. त्यातला किती खऱ्या बगवर आणि किती आठ्यांवर, हे कुणी मोजलेलं नाही. एडसन मक्याच्या शेतातून चालत असताना त्याच्याही मनात असंच काहीतरी चाललं असेल.

टॉमी फेब्रुवारीत येऊन गेला. जनरेटर घेऊन गेला, त्याला तो मासेमारीच्या केबिनवर हवा होता. डबे नको म्हणाला. पाकीट आजींनी आधीच काढून ठेवलेलं होतं.

मार्चमध्ये माझं काम संपलं. निघताना आजींनी दोन खोकी माझ्या गाडीत घातली, राजम्याची. "तू मांस खात नाहीस, तुला चालतील." पुढचा प्रोजेक्ट न्यू जर्सीत होता. तिथे चौघं मिळून आम्ही जवळजवळ वर्षभर तो राजमा खाल्ला, आणि दर डबा उघडताना कुणी ना कुणी बुडाशी छापलेली तारीख मोठ्याने वाचायचं. मार्च ०२. दोनच आकडे.